फाया, कुपी आणि पुडी

गेल्या महिन्यात आमच्या बेळगावच्या बाजारात एका दुकानावर सवलतीची पाटी लागली होती. शाळेतून परतताना मी सहज आत शिरले आणि बाहेर आले ती तीन वस्तू घेऊन : ओठांना लावावयाच्या रंगाची एक नळी, केसांच्या मुळांना चोळावयाच्या द्रवाची एक बाटली आणि सेंटची बोटभर उंचीची एक कुपी. तिन्हींच्या मूळ किमतीवर तांबडी काट मारलेली होती. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षिकेने असल्या खरेदीची कबुली नभोवाणीवरून द्यावी की नाही, हा प्रश्नच आहे. परंतु माझा विषय इतिहासाचा आहे आणि इतिहासाला काही तरी पुरावा समोर ठेवावा लागतो.

त्या संध्याकाळी माझ्या भाचीने दिव्याखाली आरसा मांडला आणि खरेदीची परीक्षा सुरू झाली. रंग मला गडद वाटला. तो तिने बोटाने पुसून फिका केला. सेंटचा एक थेंब मनगटावर घेऊन आम्ही दोघींनी आळीपाळीने हुंगला. मी का कू करीत होते तेव्हा ती म्हणाली, "मावशी, नाही आवडलं तर थोडेच पैसे गेले. लावून तर बघ!"

हे 'लावून तर बघ' माझ्या मनात घोळत राहिले. आवडेल की नाही हे ठाऊक नसता एखादी प्रसाधनाची वस्तू घ्यावी, वापरून पाहावी, नाही पटली तर बाजूला ठेवावी, ही मुभा सामान्य घरातील स्त्रीला केव्हा मिळाली? शृंगाराचा इतिहास सांगणारे बहुधा राजवाड्यातून आरंभ करतात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हाती आरसा घेऊन प्रसाधन करणारी राजस्त्री आहे. तिच्याभोवती दासी आहेत, तबके आहेत. तिला काही लावून पाहण्याची परवानगी कोणाला विचारावी लागली नसेल. मला कुतूहल आहे ते त्या तबक धरणाऱ्या दासीचे. तिच्यापर्यंत ही वस्तू पोहोचली कशी? शोध घेता घेता मला असे दिसून आले, की ती पोहोचली मुख्यतः माप लहान होऊन. भाव उतरल्याने तितकीशी नव्हे. आजच्या भाषणात मी या लहान मापाचीच हकीकत सांगणार आहे.

आपल्याकडे लहान मापाचा पहिला मान अत्तराच्या फायाचा. कनौजच्या अत्तराची कृती पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. तांब्याच्या मोठ्या देगीत फुले व पाणी घालून तिचे झाकण मातीने लिंपून घ्यावयाचे, तिच्यापासून निघालेली बांबूची नळी भपका नावाच्या लांब मानेच्या पात्रात सोडावयाची आणि तो भपका पाण्यात बसवून गार ठेवावयाचा. भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांची वाफ त्यात उतरते, थंड होते आणि तिचा गंध चंदन धरून ठेवते. पाणी काढून टाकून तेवढीच देग पुन्हा पुन्हा नव्या फुलांनी भरली जाते. शेवटी उरलेला ओलावा निघून जावा म्हणून ते तेल चामड्याच्या कुप्यांत ठेवीत. गुलाब, मोगरा, केवडा, वाळा यांची अत्तरे अशी निघतात. इतकेच काय, भाजलेल्या मातीवरून वाफ काढून पहिल्या पावसाच्या वासाचे 'मिट्टी अत्तर'ही तेथे करतात. चंदनाच्या तेलाची किंमत भलतीच चढल्यामुळे अलीकडे पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी बिनवासाचे खनिज तेल वापरले जाते. तो बदल जाणत्या नाकाला लगेच कळतो असे म्हणतात. माझे नाक तितके जाणते नाही.

अशी वस्तू महाग असावयाचीच. पण ती तेलात असल्यामुळे उडून जात नाही आणि थेंबभर पुरते. म्हणून अत्तर विकले जाई तोळ्यावर, म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅमच्या मापावर, आणि त्या तोळ्याचेही भाग पडत. त्याच्याही खाली फाया. हैदराबादेत चारमिनारच्या आसपास अत्तरवाले लाकडी पेटी उघडून बसतात. गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच काडीच्या टोकाला गुंडाळलेला कापूस बुधलीत बुडवून त्याच्या मनगटाच्या मागल्या बाजूला फिरवतात. जुन्या पद्धतीचा विक्रेता कापसाचा बारीक बोळा कानाच्या पाळीवरच्या घडीत ठेवून देई. गिऱ्हाईक काही न घेता निघून गेले तरी तो दिवसभर दरवळत हिंडे, आणि ती त्या पेटीची चालतीबोलती जाहिरात होई. नमुना फुकट वाटण्याची विद्या अमेरिकेतून आली असे व्यापारशास्त्राची पुस्तके वाचून वाटते. पण आमच्या अत्तरवाल्याने ती कोणाकडून शिकून घेतली नव्हती.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील दरबारांत अत्तर-गुलाब आणि विड्याचा मान असे. पाहुण्याच्या हाताला अत्तर लावले की बैठक संपली असे समजावयाचे. तोच मान आपल्या हळदीकुंकवात आणि लग्नमंडपात उतरला. दाराशी एक मुलगी गुलाबदाणी आणि दुसरी अत्तरदाणी घेऊन उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हाताच्या मागल्या बाजूला अत्तराचे बोट ओढते. वर्षभरात ज्या बाईच्या अंगाला सुगंध लागला नसेल तिलाही त्या दिवशी तो लागतो. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात नाट्यगृहात अत्तराचा घमघमाट असे, ही आठवण जुने रसिक मोठ्या कौतुकाने सांगत. त्या अत्तरापायी मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा भार किती वाढला हा हिशेब वेगळा. पण पिटातल्या प्रेक्षकालाही तो वास राजेलोकांइतकाच येत असला पाहिजे.

मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मंडपातल्या फायात निवड नसते. यजमानाने आणले असेल ते हातावर येते. आपल्याला कोणता गंध शोभतो, हे स्वतः ठरविण्यासाठी वस्तू विकत मिळावी लागते आणि ती परवडेल अशा मापात मिळावी लागते. या बाबतीत युरोप-अमेरिकेतील काही माणसांनी फार धूर्तपणे विचार केला, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

डेव्हिड मॅककॉनेल नावाचा एक अमेरिकन गृहस्थ दारोदार पुस्तके विकीत असे. दार उघडणाऱ्या गृहिणीने निदान बोलणे ऐकून घ्यावे म्हणून तो सुगंधाची छोटीशी कुपी भेट देई. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आले, की बायकांना पुस्तक नको आहे, कुपी हवी आहे. त्याने पुस्तके सोडली आणि १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये सुगंधाचाच धंदा काढला. विक्रीला त्याने बायकाच नेमल्या. त्या ओळखीपाळखीच्या घरी जात आणि वस्तू लावून दाखवीत. एव्हॉन या नावाने पुढे जगभर गेलेली कंपनी ती हीच. शिक्षकी पेशातल्या मला पुस्तकांच्या या पराभवाचे थोडे वाईट वाटते, पण इतिहास घडला तो असा.

फ्रान्समध्ये फ्रांस्वा कोती या कॉर्सिकन गृहस्थाने १९०४ च्या सुमारास गुलाबाचे एक सेंट सिद्ध केले. पॅरिसच्या एका मोठ्या दुकानाने ते ठेवून घ्यावयाचे नाकारले तेव्हा त्याच्या हातून बाटली फुटली—चुकून की मुद्दाम याविषयी कथाकारांत मतभेद आहेत—आणि वासाने बायकांची गर्दी लोटली, असे सांगतात. ही कथा जशीच्या तशी खरी असो वा नसो. कोतीचे खरे कर्तृत्व पुढचे आहे. लालिकसारख्या कारागिराकडून त्याने देखण्या बाटल्या घडवून घेतल्या आणि त्याचबरोबर तीच सेंटे लहान बाटल्यांत भरून, जिला मोठी बाटली घेण्याची ऐपत नाही अशा स्त्रीपुढेही ठेवली. टंकलेखन करणारी मुलगी आणि सरदाराची पत्नी एकाच नावाचे सेंट लावू लागल्या. फरक राहिला तो बाटलीच्या आकारात.

पॅरिसचीच आणखी एक देणगी येथे सांगितली पाहिजे. कारण माझ्या खरेदीवरची ती तांबडी काट तिच्यावाचून शक्य नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आरिस्तिद बुसिको याने आपल्या 'बाँ मार्शे' या दुकानात प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत लिहून लावली. तोपर्यंत तिकडेही आपल्याप्रमाणे घासाघीस चाले. जेथे घासाघीस असते तेथे सवलत नसते, कारण मुळात किंमतच नसते. आधी आकडा लिहावा लागतो. मग तो खोडता येतो. मंदीच्या महिन्यात ठरावीक मालाची किंमत उतरवून गर्दी खेचण्याचा उपायही बुसिकोनेच रूढ केला. आपल्याकडे बांधलेल्या मालाच्या पुडक्यावर किंमत छापण्याचे नियम १९७७ साली आले, आणि सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची पद्धत १९९० पासूनची. तेव्हापासूनच 'छापील किमतीवर सूट' या शब्दांना आपल्या बाजारात ठाम अर्थ आला.

आता पुन्हा आपल्या देशात येऊ. बाटलीबंद सुगंधी तेलाचा बोलबाला आपल्याकडे प्रथम बंगालने केला. हेमेंद्रमोहन बोस हे कलकत्त्याचे मोठे खटपटी उद्योजक. सायकली, मोटारी, गाण्याच्या ध्वनिमुद्रिका असा कोणताही नवा धंदा त्यांनी सोडला नाही. त्यांच्या केशतेलाचे नाव 'कुंतलीन' आणि सेंटचे 'देलखोश'. १८९६ साली त्यांनी कथास्पर्धा लावली. अट एवढीच, की कथेत या वस्तूंचा उल्लेख यावा, पण तो जाहिरातीसारखा वाटू नये. पहिल्या वर्षीचे बक्षीस मिळाले ते जगदीशचंद्र बोस यांना. होय, वनस्पतींवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ तेच. त्यांच्या कथेत समुद्रावर चक्रीवादळ उठते आणि जहाजावरचा टक्कल पडलेला प्रवासी कुंतलीनची बाटली लाटांवर ओततो. तेल पसरते आणि वादळ शमते. पाण्यावर तेल पसरले असता लाटा मंद होतात हे शास्त्रीय तत्त्व त्यांनी केशतेलाच्या कामी लावले. बंगालीतल्या आरंभीच्या विज्ञानकथांत तिची गणना होते. पुढे १९०३ साली याच स्पर्धेत शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कथेला बक्षीस मिळाले. ती त्यांनी आपल्या मामाच्या नावाने पाठविली होती.

मुंबईत १९१९ साली पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' काढला आणि त्या निळ्या-पांढऱ्या बरणीने तीन पिढ्यांच्या मध्यमवर्गीय फळ्या व्यापल्या. पण बरणी ती बरणीच. ती एकदम घ्यावी लागे, आणि घरात आणली की सासूपासून नणंदेपर्यंत सर्वांच्या दृष्टीस पडे. प्रसाधन हा खर्च आहे, आणि नटण्यामुरडण्यावरचा खर्च म्हणजे वाया गेलेले पैसे, ही समजूत केवळ घरातली नव्हती. ती सरकारदरबारीही होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्यार्क असलेला कोणताही द्रव 'दारू'च्या व्याख्येत बसत होता. आमचा बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यातच होता. मुंबईचे एक रहिवासी एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. आपणांस ज्या वस्तू बाळगण्याचा व वापरण्याचा अधिकार असावा असे त्यांनी न्यायालयापुढे मांडले, त्या यादीत व्हिस्की-ब्रँडीबरोबर कोलनवॉटरही होते. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी कायम ठेवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनाचे द्रव बाळगण्यास व वापरण्यास बंदी करणारा भाग रद्द ठरविला. कोलनवॉटरला देशाच्या सर्वोच्च न्यायासनाकडून अशी सुटका मिळाली! आमच्या घरी कोणाला ताप आला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवी. जर्मनीतील कोलोन शहरी १७०९ पासून योहान मारिया फरिना या इटालियन गृहस्थाच्या घराण्याने तयार केलेले ते सुगंधी पाणी आमच्याकडे येईपर्यंत औषधाच्या कपाटात जाऊन बसले होते. चैनीच्या वस्तूला आजाराचे निमित्त मिळाले की तिच्याकडे कोणी डोळे वटारीत नाही.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी प्रसाधनांवर होणारा खर्च देशातच राहावा म्हणून पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना सुचविले, आणि १९५२ साली टाटांच्या तेल कंपनीने फ्रेंच तज्ज्ञांच्या सहकार्याने 'लॅक्मे' सुरू केली, असे सांगितले जाते. नाव फ्रेंच संगीतकार देलीब याच्या १८८३ च्या संगीतिकेतील नायिकेचे. ती हिंदुस्थानातील ब्राह्मणाची कन्या, आणि 'लॅक्मे' हे लक्ष्मीचेच फ्रेंच उच्चारातले रूप. आपली लक्ष्मी पॅरिसला जाऊन नाव बदलून परत आली तेव्हा कोठे ती प्रतिष्ठित घरातल्या टेबलावर बसली. इकडे घाटाखाली गोव्यात १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज अंमल होता आणि पणजी-मडगावच्या दुकानांत युरोपचा माल सहज मिळे. आमच्या आजोळच्या मंडळींकडे त्या काळची एक रिकामी पावडरची डबी होती. आजीने तिच्यात गुंड्या ठेवल्या होत्या, आणि ती मरेपर्यंत डबीचे झाकण काढले की गुंड्यांना वास येई.

एवढे सारे झाले, तरी केस धुण्याच्या बाबतीत आपल्या बायकांनी विसाव्या शतकाचा बराच भाग शिकेकाईवरच काढला, आणि त्यात त्यांचे काही बिघडले नाही. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा हे सारे कुटून ठेवलेले असे. न्हाण्याच्या दिवशी ते कढवावयाचे, गाळावयाचे आणि घंगाळापाशी बसून कोणाकडून तरी डोईवर घालून घ्यावयाचे. यात पैसा थोडा लागे, पण वेळ पुष्कळ. सरपण आणि पाणी लागे, आणि न्हाऊ घालणारे दुसरे माणूस लागे. सकाळी सातला कामावर हजर व्हावयाच्या बाईला यांतील पैसा कदाचित मिळेल. वेळ कोठून मिळावा?

'शांपू' हा शब्द मूळचा आपलाच आहे. पाटण्यास १७५९ साली जन्मलेले दीन महोमेद इंग्लंडात स्थायिक झाले. त्यांनी ब्रायटन येथे १८१४ मध्ये औषधी वाफेची स्नाने व अंग रगडण्याची सोय असलेले स्नानगृह काढले, आणि चौथ्या जॉर्ज राजाचे 'शांपूइंग सर्जन' म्हणून ते मिरविले. हिंदीतल्या 'चाँपना' या क्रियापदाचे ते रूप. आपली 'चंपी' त्याच घरातली. त्या वेळी शांपू म्हणजे मर्दन, साबण नव्हे. डोके धुण्याच्या द्रव्याला ते नाव पुढे चिकटले. बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफ या औषधविक्रेत्याने १९०३ साली पाण्यात विरघळणारी शांपूची भुकटी विकावयास काढली, तीही कागदी पुडीत. म्हणजे पुडीची कल्पना शांपूला काही परकी नव्हती. मधल्या काळात बाटल्यांच्या थाटात ती मागे पडली, एवढेच.

ती पुन्हा वर काढण्याचे श्रेय तमिळनाडूतील कडलूरच्या चिन्नीकृष्णन यांच्याकडे जाते. शेती आणि औषधांचा लहानसा व्यवसाय करणारा हा माणूस. टाल्कम पावडर पत्र्याच्या डब्यातच मिळत असे तेव्हा त्यांनी ती १००, ५० आणि २० ग्रॅमच्या लहान पुडक्यांत विकली. सारक म्हणून वापरले जाणारे एप्सम मीठ १०० ग्रॅमच्या पाकिटात येई. त्यांनी त्याच्या ५, १० व २० ग्रॅमच्या पुड्या केल्या. मी जे तयार करतो ते हमालाला आणि रिक्षा ओढणाऱ्यालाही वापरता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे, ही आठवण त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी सांगितली आहे. शांपू प्लॅस्टिकच्या पुडीत भरण्याची कल्पना या पित्याची. मात्र वस्तू शोधून काढणे आणि ती खपविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी त्यांना साधली नाही. ती साधली मुलाला. रंगनाथन यांनी १९८३ साली १५,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतंत्र धंदा मांडला आणि वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आपल्या शांपूचे नाव 'चिक' ठेवले.

पुढची हकीकत मला फार आवडते. शांपू कसा वापरावा हे खेड्यांतील लोकांना ठाऊक नव्हते. तेव्हा कंपनीची माणसे गावोगाव जात, एखाद्या पोराचे डोके चारचौघांत धुऊन दाखवीत आणि मग जमलेल्या मंडळींना सांगत, हात लावून पाहा, वास घेऊन पाहा. रजनीकांतच्या चित्रपटांचे खेळ लावीत, मध्ये जाहिरात दाखवीत आणि खेळ संपल्यावर पुड्या फुकट वाटीत. कोणत्याही शांपूच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि एक चिकची पुडी घेऊन जा, अशी योजना त्यांनी काढली. गिऱ्हाईक लागल्यावर हळूच ती 'पाच चिकच्याच पुड्या' अशी केली. महिन्याचा खप ३५,००० पुड्यांवरून १२ लाखांवर गेल्याचे रंगनाथन यांनी सांगितले आहे. त्यानंतर त्यांनी शांपूला मोगऱ्याचा आणि गुलाबाचा वास दिला, आणि खप आणखी वाढला. दक्षिणेत फुलांवाचून वेणी पुरी होत नाही. आमच्याकडे अबोली आणि मोगरा, तिकडे मल्लिगै. ज्या दिवशी गजऱ्याला पैसे नसतील त्या दिवशीही केसांना गजऱ्याचा वास यावा, हे ज्याला सुचले त्याला आपले गिऱ्हाईक कळले होते.

मी त्या पुडीच्या काळातली मुलगी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असत. शनिवारी संध्याकाळी आई एक रुपयाची एक पुडी आणी; रविवारच्या मिस्सेला जावयाचे म्हणून आम्हां दोघी बहिणींची डोकी धुवावयाची असत. एक पुडी आणि दोन डोकी. आई ती पुडी एका तांब्यात पिळी, आत पाणी घालून पुन्हा खळबळी, आणि त्या फेसाचे अगदी शिक्षिकेला शोभावे असे समान भाग करी. रिकामी पुडी ती फेकून देत नसे. वाळवून ट्रंकेतल्या कपड्यांच्या घडीत सारी. रविवारी घातलेल्या झग्याला तो वास येई. आम्ही श्रीमंत आहोत असे मला त्या एका सकाळी नेहमी वाटे.

म्हणूनच पुढे शिक्षिका झाल्यावर माझ्या हातून जे घडले त्याचा मला उलगडा होत नाही. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी शिकवीत होते. दहावीतली एक मुलगी, आई भातशेतीवर मजुरीला जाणारी, एके दिवशी केस धुऊन, सैल वेणी घालून, कानामागे कसलेसे सेंट लावून वर्गात आली. वर्गभर वास पसरला. मी फळ्याकडून वळून म्हणाले, "कोणाच्या लग्नाला निघालीस?" वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती तेल लावून, करकचून दोन वेण्या बांधून येऊ लागली आणि वर्ष संपेपर्यंत तशीच आली. परीक्षेत ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. सेंट कोठले होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. रुपया-दोन रुपयांच्या कुपीहून अधिक ते खास नसणार.

लहान मापाचे गुणगान करताना त्याचा हिशेबही तपासला पाहिजे. वर्गात मी त्यावर त्रैराशिकाची उदाहरणे घालते. माझी नवी कुपी १० मिलिलीटरची. छापील किंमत ६०० रुपये, सवलतीने ३४९. तेच सेंट १०० मिलिलीटरच्या बाटलीत २,५०० ला होते. म्हणजे मोठी बाटली घेणारीला मिलिलीटरमागे २५ रुपये पडले, आणि मला सवलत मिळूनही जवळजवळ ३५. लहान मापाची ही पट्टी गरिबाला नेहमीच भरावी लागते; चहा-साखरेतही तेच आहे. शांपूच्या पुडीत मात्र आपल्या देशात उलटा प्रकार पुष्कळ वर्षे दिसला. चढाओढीमुळे पुडीतला माल बाटलीतल्या मालापेक्षा मिलिलीटरमागे स्वस्त पडे. बाटली घेणारी बाई चक्क अधिक दाम मोजी. मुले हे उदाहरण सोडवितात, उत्तर चुकले असे समजून पुन्हा सोडवितात आणि मग माझ्याकडे पाहतात.

दुसरा हिशेब कचऱ्याचा. ही पुडी अनेक पदर एकत्र चिकटवून केलेली असते. पदर सुटे होत नाहीत, म्हणून कचरा वेचणारी बाई बाटली उचलते आणि पुडी तशीच ठेवते. तिला भाव नाही. २०१६ च्या नियमांनी असल्या वेष्टनांचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पावसाळ्यात आमच्या गल्लीतले गटार तुंबले की वर काय येते ते पाहिल्यावर त्या जबाबदारीचा आणखी पुष्कळ भाग पार पडावयाचा आहे हे कळते. माझ्या आईने ट्रंकेत ठेवल्या त्या दोन-चार पुड्यांनी हा प्रश्न सुटला नसता, हे मला मान्य आहे.

आणि तिसरी गोष्ट सावधगिरीची. १९४० चा औषधांविषयीचा कायदा १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनांनाही लागू झाला. म्हणून आज डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो. सवलतीच्या मालावर तो वाचावा, आणि त्याबरोबर वापराची मुदतही. माझ्या केसांच्या बाटलीवर दुकानदाराने सवलतीची चिठ्ठी नेमकी तारखेवर चिकटवली होती. भाचीने ती नखाने खरवडून काढली. मुदत संपावयास सतरा दिवस उरले होते. एवढ्या मोठ्या बाटलीला सतरा दिवसांत संपविण्याइतके केस आमच्या दोघींच्या डोक्यावर मिळून नाहीत. ती मी परत नेली. दुकानदार हसून म्हणाला, "बाई, सवलतीचा माल परत घेत नाही." मग आम्ही तिसरीलाही सामील करून घेतले. आमच्या शेजारच्या वहिनी तीन आठवडे रोज रात्री चिठ्ठी निघालेल्या त्या बाटलीतले चार थेंब नेमाने चोळीत होत्या. केस वाढले की नाही याविषयी त्या काही बोलत नाहीत, पण झोप चांगली लागते म्हणतात.

ओठांचा रंग ड्रॉवरमध्ये आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला लावून गेले होते. एका सहकारी शिक्षिकेने बराच वेळ न्याहाळून, आज प्रकृती बरी दिसते, असे म्हटले. सेंटची कुपी आरशाशेजारी उभी आहे. भाची शनिवारी येते, आणि ती गेल्यावर पाहावे तो कुपीतली पातळी आणखी थोडी खाली गेलेली असते.